चिनी तलवारपट पाहायचेत? मग सुरुवात इथून करा

पहिल्याच दिवशी ‘अ टच ऑफ झेन’ लावू नका. तीन तासांचा सिनेमा, त्यात पहिली खरी चकमक बघायलाच बराच वेळ थांबावं लागतं. त्याच दिग्दर्शक किंग हू यांचा १९६६ चा ‘कम ड्रिंक विथ मी’ आधी बघा, दीड तासात आटोपतो.

त्यातला खानावळीचा प्रसंग नीट पाहा. पुरुषी वेशातली नायिका चेंग पेई-पेई शांत बसलेली असते, भोवती गुंड जमत जातात. तलवार निघायच्या आधीचा हा ताणच खरी गंमत आहे, तेव्हा कृपा करून प्रसंग पुढे पळवू नका. ती बॅले शिकलेली होती, हे तिच्या पावलांत दिसतं. मारामारीची आखणी पेकिंग ऑपेराच्या (पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या) वळणाची: ढोल-झांजांचा ठेका, एकदम थबकणं, नजर, मग झेप. झेपांमागे ट्रॅम्पोलिन (उसळी देणारी ताणलेली जाळी) असायचं, नटांना हवेत उचलणाऱ्या तारा नंतर बोकाळल्या. रक्त रंगासारखं दिसतं, हसून घ्या आणि सोडा.

इंग्रजी डबिंग अजिबात नको, मूळ मँडरिन आणि सबटायटल्सच. हा आवडला की १९६७ चा ‘ड्रॅगन इन’. ‘झेन’मधलं बांबूच्या वनातलं युद्ध त्यानंतर, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर.