बुफे नंतर, आधी मस्टर ड्रिल

पहिलीच क्रूझ आहे ना? मग चढल्या चढल्या मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत काय करायचं याचा सराव, उरका. हल्ली बऱ्याच जहाजांवर मोबाइलवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी, हजेरी लावायची, एवढंच असतं. लोक व्हिडिओ नुसता चालू ठेवून बॅगा उघडतात! सात किंवा जास्त छोटे भोंगे, मग एक लांब, हा आणीबाणीचा इशारा लक्षात ठेवा. केबिनपासून स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं. २०१५ पासून हे ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक आहे. लहान मूल सोबत असेल तर त्याच्या मापाचं लाइफजॅकेट लगेच मागून घ्या.