हॉलिडे मेंबरशिपचं लोन झेपत नाही, हप्ता बंद करू का?

ताई, तुमचं सगळं वाचलं. थोडक्यात असं नं, की मॉलमध्ये कूपन भरलं, मग "गिफ्ट लागलं" म्हणून फोन आला, आपल्या नागपूरच्या वर्धा रोडवरच्या हॉटेलात दोघांनाही बोलावलं, तीन तास बसवून ठेवलं आणि दरवर्षी रिसॉर्टमध्ये राहायला मिळेल म्हणून २५ वर्षांची मेंबरशिप ३ लाख ६० हजाराला गळ्यात मारली. ५० हजार तिथल्या तिथे कार्डावर, बाकी ३ लाख १० हजाराचं लोन, ४८ महिने, १६ टक्के. १४ हप्ते भरून झाले, तीनदा मागून एकदाही बुकिंग मिळालं नाही, मिस्टरांची नोकरी बदलली, पगार कमी झाला, आणि आता विचारून राहिल्या की हप्ता सरळ बंद केला तर काय होईल.

माझ्या असल्याच लोनचा हप्ता मी केला होता बंद. म्हणून लिहितो.

पहिले एक बघा, तुमच्या घरी कागद एक नाही, दोन आहेत. एक मेंबरशिपचा करार, तो रिसॉर्टवाल्याशी. दुसरा लोनचा, तो फायनान्स कंपनीशी. फायनान्सवाल्यानं रिसॉर्टवाल्याला त्याचे पैसे तेव्हाच देऊन टाकले, तो केव्हाच मोजून बसला. आता तुम्ही हप्ता थांबवला तर ज्यानं फसवलं त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, भांडण लागतं ते भलत्याशीच. आणि उलट मेंबरशिप कॅन्सल केली तरी लोन आपोआप संपत नाही. मला वाटायचं दोन्ही एकच, कारण सह्या एकाच टेबलावर, एकाच पेनानं घेतल्या होत्या.

काही लोकांचं लोन नसतंच बरं का, रिसॉर्ट कंपनीच हप्त्यानं पैसे घेते, ते वेगळं प्रकरण, तिथं हप्ता थांबला की बहुतेक करारात मेंबरशिप रद्द आणि भरलेलं जप्त, एवढंच असतं. पासबुकात ऑटो डेबिट कोणाच्या नावानं जातंय ते बघा, आणि सिबिलचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो तो काढा. त्यात लोन दिसलं की विषय संपला, कर्ज आहे.

तुमचा हिशोब मी मांडून पाहिला. हप्ता साधारण ८,७८५ येतो. १४ हप्त्यांचे १ लाख २३ हजार गेले, पण त्यातून मुद्दल फक्त ७१ हजाराच्या आसपास फिटलं, बाकी व्याज. म्हणजे आज जवळपास २ लाख ३९ हजार शिल्लक असायला पाहिजे. फायनान्स कंपनीकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे लोन आजच बंद करायचं तर किती भरावं लागेल तो कागद मागवा, त्यात मुदतीआधी फेडायचा चार्ज किती लावतात तेही कळेल. शिवाय रिसॉर्टची वार्षिक फी, तुम्ही म्हणता १८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१,२४०, फिरा की नका फिरू. ही फी दरवर्षी वाढते आणि लोन संपलं तरी संपत नाही. माझ्या मते खरा खड्डा हाच आहे, लोन तरी ४८ महिन्यांत संपतं.

आता माझं शहाणपण ऐका. २०२२ च्या जानेवारीत सही केली, २०२३ मध्ये डोकं फिरलं म्हणून पगार दुसऱ्या बँकेत वळवला आणि हप्त्याचं खातं रिकामं ठेवलं. मला वाटलं जिंकलो. प्रत्येक बाउन्सला बँकेनं ५९० कापले, फायनान्सवाल्याचे वेगळे, आणि ते एका महिन्यात दोन-दोनदा डेबिट टाकून पाहायचे. मग पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्ट २००७ च्या कलम २५ ची नोटीस आली. हे लोकांना माहीतच नसतं. लोन न फेडणं हा दिवाणी मामला, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाही, बरोबर आहे, पण खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑटो डेबिट बाउन्स झालं तर चेक बाउन्ससारखीच फौजदारी केस होऊ शकते, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत ती रक्कम भरली तर पुढं केस होत नाही. मी तेराव्या दिवशी भरली, बायकोची एफडी मोडून. त्यामुळं व्हॉट्सअॅपवर "अरेस्ट वॉरंट" पाठवतात ते केराच्या टोपलीत टाका, पण रजिस्टर पोस्टानं आलेली नोटीस आणि कोर्टाचं समन्स कधीच टाकू नका.

मागच्या वर्षी बेसा साईडला फ्लॅट पाहिला, होम लोनसाठी गेलो तर मॅनेजरनं स्क्रीनच माझ्याकडं वळवली. सिबिल रिपोर्टात महिन्यांच्या चौकटी असतात, हप्ता किती दिवस थकला ते दाखवणाऱ्या, सगळीकडं शून्य शून्य आणि मधातच ३०, ६१, ९१. "हे काय आहे भाऊ?" काय सांगू, गोव्याला न जाता आलेलं बिल आहे म्हणून? तुमच्या लोनवर मिस्टर को-अॅप्लिकंट असतील तर हे दोघांच्याही रिपोर्टात येईल.

मग सुटलो कसा? ग्राहक आयोगातून, आणि त्याला कारण माझं पोरगं. प्रेझेंटेशनला लहान मुलांना एका कोपऱ्यात खडू देऊन बसवतात, मायबाप मोकळे राहावेत म्हणून. दर दहा मिनिटांनी कोणीतरी सही केली की टाळ्या, घंटी, "वेलकम टू द फॅमिली", आपल्याला वाटतं आपणच मागं राहून राहिलो. आमच्या सेल्सवाल्यानं कोऱ्या कागदावर निळ्या पेनानं सगळं लिहून दाखवलं होतं, "दिवाळीत गोवा कन्फर्म", "वार्षिक फी पाच वर्षं नाही", "कधीही रिफंड". ते कागद हे लोक शेवटी हळूच गोळा करून घेतात. आमचा राहिला, कारण त्याच्या पाठीवर पोरानं रेल्वे काढली होती आणि सोडायलाच तयार नव्हता. छापील करारात यातलं एकही वाक्य नव्हतं. तोच कागद मी तक्रारीला जोडला, पुढून गोवा, मागून इंजिन आणि चार डबे.

तुमच्यासाठी यात चांगलं हे, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, करारात चेन्नई लिहिलेलं असो की मुंबई. आर्बिट्रेशनचं, म्हणजे भांडण लवादाकडंच न्यायचं असं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ते स्पष्ट केलं. पाच लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी शून्य. वकील लागतोच असं नाही, पण मी केला होता, आणि परत करावा लागला तर परत करीन. ऑनलाइन दाखल करायची सोय आहे, ई-जागृती पोर्टल. मुदत मात्र दोन वर्षं. सह्या होऊन सव्वा वर्ष झालं असेल तर फार बसून राहू नका. त्याआधी रिसॉर्टवाल्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस: कोणत्या तारखा मागितल्या, काय उत्तर आलं, काय कबूल केलं होतं, मेंबरशिप रद्द करा आणि पैसे परत द्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली तर एखादेवेळी तिथंच तोडगा निघतो, माझा नाही निघाला. तक्रारीत फायनान्स कंपनीलाही पार्टी करा आणि निकाल लागेपर्यंत वसुली थांबवायचा अंतरिम आदेश मागा. मिळेलच असं नाही. कायद्यात तीन महिने लिहिलंय, माझी मात्र सिव्हिल लाइन्सला वर्षभर वारी झाली, मे महिन्यात दुपारी तारीख म्हणजे डोक्याला दुपट्टा बांधून. शेवटी कंपनीनंच तडजोड केली, मेंबरशिप रद्द, साठ टक्के परत, तेही थेट लोन खात्यात. उरलेलं मी भरलं आणि एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घेतलं.

तोपर्यंत हप्त्याचं काय? जमत असेल तर चालू ठेवा, खरंच जमत नसेल तर बाउन्स व्हायच्या आधी फायनान्स कंपनीला लेखी मेल टाका, पगार कमी झाल्याचं पत्र जोडा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. घरात सोनं असेल तर गोल्ड लोन १६ टक्क्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आईच्या पाटल्या या असल्या गोष्टीसाठी ठेवायच्या म्हटलं की जीव जळतो, मान्य, पण हिशोब हिशोब आहे. ते सेटलमेंट म्हणाले तर दोनदा विचार करा, कमी पैशात सुटता खरं, पण सिबिलवर "सेटल्ड" असा शिक्का बसतो, "क्लोज्ड" नाही, आणि पुढचा बँकवाला तोच पाहतो. करायचंच तर आधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, मग पैसे, तेही लोन खात्यात, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, आरबीआयचा नियम आहे. करून राहिले असतील तर कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीकडं लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडं, फुकट आहे.

आणि हो, आता तुम्हाला वेगळेच फोन सुरू होतील, "मॅडम तुमची मेंबरशिप पाच लाखाला विकून देतो, फक्त जीएसटीचे १५ हजार आधी भरा". तुमचा नंबर यांच्याकडं काहून आला विचारा, फोन कट करतात. माझे एक काका यातच परत २२ हजाराला बुडाले.

सोमवारी पहिले बँकेत जाऊन मँडेट, म्हणजे ऑटो डेबिटची परवानगी, कोणाच्या नावाचं आहे ते बघून या. आणि आज रात्री त्या दिवशीची पर्स, गाडीची डिक्की, पोरांची दप्तरं सगळं उलटं करून पाहा, निळ्या पेनाचा एखादा कागद सापडतो का.