मुलगी रोज कविता स्पर्धांत भाग घेते. घेऊ द्यावं का?

(सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. घरी तेलुगू बोलतात. मुलगी मराठी शाळेत शिकली आणि आता अकरावी सायन्सला आहे. व्हॉट्सॲपवरच्या काव्यसमूहांच्या स्पर्धांत ती जवळजवळ रोज कविता पाठवते, आणि मोबाईल प्रमाणपत्रांनी भरला आहे. आता एका प्रकाशनाने ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहासाठी निवड झाली’ असं कळवून १,२०० रुपये मागितले आहेत. यातून पुढे काही घडेल का, की बारावी होईपर्यंत हे सगळं बंद करावं, असं ते विचारतात. सोबत तिच्या दोन कविता जोडल्या आहेत.)

नमस्कार,

पैसे भरू नका. हे आधी सांगते, कारण पैसे भरायची मुदत या शनिवारी संपते असं तुम्ही लिहिलं आहे.

अशा संग्रहाचा व्यवहार साधा असतो. पन्नास-साठ कवींकडून रक्कम घ्यायची, प्रत्येकाला एकदोन प्रती आणि सन्मानचिन्ह द्यायचं, प्रकाशनाचा समारंभ करायचा. पैसे भरणाऱ्या कुणालाही नकार मिळत नाही, म्हणजे निवड अशी होतच नाही. पुस्तक दुकानात जात नाही. ते वाचतात ते त्यातलेच कवी, आणि तेही बहुतेक आपापलं पान. आपलं नाव छापलेलं बघण्याची हौस कुणाला असेल तर त्यात गैर काही नाही. पण तुमच्या लेकीला तो स्पर्धेतला विजय वाटतो आहे, आणि तो तसा नाही हे तिला घरातूनच कळलेलं बरं.

स्पर्धेच्या प्रवेशशुल्काची गोष्ट थोडी निराळी. गावोगावच्या लहान संस्था सभागृहाचं भाडं आणि बक्षिसाची रक्कम उभी करायला पन्नास-शंभर रुपये घेतात. तिथे चार प्रश्न विचारायचे: परीक्षक कोण, गेल्या वर्षीचा निकाल कुठे पाहायला मिळेल, बक्षीसपात्र कविता कुठे छापून येतात, आणि कवितेचे हक्क कुणाकडे राहतात? पहिल्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर पाठवायला हरकत नाही.

चौथ्यावर जरा थांबते, कारण पालक नियमावलीतली ती ओळ वाचतच नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहून झाली की तिचा हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तुमची मुलगी अठरा वर्षांच्या आत असेल तर तिच्या सहीने करार होत नाही, म्हणून सही तुमच्याकडे मागतील. ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. ‘या अंकात एकदा छापण्यास परवानगी’ एवढंच पुरेसं असतं. हक्क किती काळासाठी दिला हे करारात लिहिलेलंच नसेल, तर कायदा तो पाच वर्षांसाठी धरतो. आणि हक्क दिल्यानंतरसुद्धा ‘ही कविता माझी’ म्हणण्याचा अधिकार तिचाच राहतो.

आता समूहांविषयी. त्यांच्यावर रागावू नका. घरात तेलुगू बोलणारी मुलगी मराठीत रोज लिहायला बसते, अष्टाक्षरीच्या ओळीत आठ अक्षरं मोजून बसवते, अभंगाचं सहा-सहा-सहा-चार सांभाळते, हे तिला त्या समूहांनीच शिकवलं असणार. पण सकाळी विषय, रात्री निकाल आणि जवळपास सगळ्यांना ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्कृष्ट’, या घाईत एकही ओळ कुणी नीट वाचत नाही. इतक्या प्रमाणपत्रांत ‘तुझं दुसरं कडवं ढिलं पडलंय’ असं एकदा तरी कुणी तिला सांगितलं का, हे विचारून पाहा.

तुम्ही पाठवलेल्या दोन कवितांवरून हे स्पष्ट दिसलं. पहिली पावसावरची, प्रथम क्रमांक मिळालेली. यमकं नीट आहेत, पण ती कोणत्याही गावातल्या कुणाही मुलीने लिहिली असती. सोलापुरात पाऊस कसा वाट बघायला लावतो, याचा त्यात मागमूस नाही. दुसरी आजीवरची, जिला काहीच मिळालं नाही. मांडीवर सूप घेऊन आजी विड्या वळते आहे, कात्रीने पानं कापते आहे, आणि मोजताना मात्र तेलुगूत मोजते. मोजण्याची ती ओळ खोडलेली आहे. समूहाच्या संयोजकांनी ‘परभाषेतले शब्द नकोत’ म्हटलं म्हणून खोडली, असं तुम्ही लिहिता. ती ओळ परत घालायला सांगा. सगळी कविता त्या ओळीवर उभी आहे. तुमचं हे शहर आहेच असं: इथले संत सिद्धरामेश्वर यांची वचनं कन्नडात, आणि लावणीने मराठी मुलूख गाजवणारे रामजोशीही इथलेच. घरात एक भाषा आणि वहीत दुसरी, ही तिची अडचण आहे असं तुम्हाला वाटतं. मला ती तिची मिळकत वाटते, कारण ती कविता दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

तर मग स्पर्धा कोणत्या? वर्षाला तीन किंवा चार, जिथे परीक्षक बसून वाचतात आणि निकालानंतर कविता छापून येते अशा. दिवाळी अंकांच्या कथा-कविता स्पर्धा पहिल्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवा लेखक पुढे यायची ही वाट आहे. साहित्य साधारण पावसाळ्यात मागवतात, म्हणून जूनपासून लक्ष ठेवावं. तिच्या कॉलेजचं वार्षिक नियतकालिकही हलकं समजू नये. तिथे संपादन करणारे मराठीचे प्राध्यापक समोर बसवून ओळ सुधारून घेतात. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या स्थानिक शाखेचे आणि हिराचंद नेमचंद वाचनालयातले कार्यक्रम बघत राहा. काव्यवाचनाच्या स्पर्धा वेगळ्या धरा. तिथे आवाज आणि पाठांतर जिंकतं, आणि लाजाळू मुलीला त्याचा दुसऱ्या अंगाने उपयोग होतो.

पाठवताना मुलं नेहमी चुकतात अशा दोन-तीन जागा आहेत. ‘अप्रकाशित’ असा नियम असेल तर स्टेटसला किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेली कविता अनेक ठिकाणी प्रकाशितच धरतात. आजीची कविता अजून कुठे टाकली नसेल, तर टाकू नका म्हणा. कवितेच्या पानावर नाव लिहू नये, असं असेल तर खरंच लिहू नये. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर. ओळींची मर्यादा वीस असताना बावीस पाठवली की वाचण्याआधीच बाजूला जाते. युनिकोडमध्ये टाइप करून सोबत पीडीएफ जोडावी, म्हणजे जोडाक्षरं तुटत नाहीत. आणि कविता तिची स्वतःची असावी, मोबाईलमधल्या कुठल्या ॲपने रचून दिलेली नको. हे तिला तुम्ही सांगावं लागेल असं तिच्या कवितेवरून वाटत नाही, तरी लिहून ठेवते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तर असं की या प्रमाणपत्रांना प्रवेशाच्या वेळी काही किंमत नाही. ‘नीट’ आणि ‘सीईटी’ या प्रवेशपरीक्षा गुणांवर चालतात. कवितेवर घर चालवणारे मराठीत फार थोडे. बहुतेक कवी बँकेत, शाळेत, शेतीत काम करून लिहितात. भाषेवर चालणारी कामं मात्र आहेत: भाषांतर, जाहिरातीचा मजकूर, वृत्तपत्र, आकाशवाणी, मालिकांचे संवाद, पाठ्यपुस्तकांचं संपादन. तिथे प्रमाणपत्र मागत नाहीत, लिहिलेलं दाखवा म्हणतात. तुमच्या घरातल्या दोन भाषा तिने अशाच जोपासल्या तर तेलुगू-मराठी भाषांतर ही तिच्यासाठी खरीखुरी वाट आहे. दोन्हीकडून नेमकं लिहिणारी माणसं कमी आहेत. त्यासाठी आज सायन्स सोडायची गरज नाही. बारावीनंतर तिला वळायचं झालं तर बी.ए.चा किंवा पत्रकारितेचा दरवाजा सायन्सवाल्यांनाही उघडा असतो.

पुढच्या पायऱ्याही सांगून ठेवते, कारण त्या फुकट आहेत आणि लोकांना माहीत नसतात. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. म्हणजे दहा वर्षांनी तिच्याकडे संग्रहाएवढ्या कविता साठल्या तरी प्रकाशकाला पैसे देण्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो, रक्कम ५०,००० रुपये. तिच्या हातात बराच काळ आहे.

आता बारावीपर्यंत बंद करायचं का? लिहिणं बंद करू नका, स्पर्धा मात्र वेळापत्रकात बसवा. या वर्षी रोजचे समूह सोडून तिने महिन्याला एकच कविता पुरी करावी, चार वेळा खोडून पुन्हा लिहून. पावसाळ्यात त्यातल्या दोन कविता दिवाळी अंकांना जाऊ देत. बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर काही पाठवायचं नाही. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या स्पर्धा नेमक्या बोर्डाच्या दिवसांत येतात, त्या बारावीच्या वर्षी सोडून द्याव्यात, आणि सीईटी झाली की पुन्हा सुरू. वही तेवढी अभ्यासाच्या टेबलावर राहू द्या. रात्री दहा मिनिटं लिहिल्याने गुण कमी होत नाहीत. निकालाची वाट बघत मोबाईल हातात धरून बसल्याने होतात.