झाडे आमची, मग गुन्हा कसला?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित 62 गुंठे जमीन असून सातबाऱ्यावर माझे, बहिणीचे व दिवंगत काकांचे नाव आहे. आमच्याच झाडांच्या ओंडक्यांची छोटी खोली बांधण्यासाठी दोन ऐन व एक किंजळ तोडले. वनपालांनी पंचनामा करून लाकूड सुपुर्दनाम्यावर माझ्याकडेच ठेवले आहे. झाडे आमची असताना गुन्हा कसा? काम सुरू करू का? खोली अधूनमधून पर्यटकांना भाड्याने देण्याचाही विचार आहे.

उत्तर : लाकडाला तूर्त हात लावू नका. सुपुर्दनाम्यावर सही केल्यामुळे आपण त्या ओंडक्यांचे राखणदार झाला आहात. त्यातील एक फळी जरी कापली, तरी साधे प्रकरण विनाकारण चिघळेल.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 25 प्रमाणे जमिनीतील झाडांवर भोगवटादाराचा हक्क असतो, त्यामुळे मालकीबाबत आपले म्हणणे सर्वसाधारणपणे बरोबर आहे. तथापि झाडे तोडण्याच्या विनियमनाबाबतचा 1964 चा अधिनियम मालकालाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, खैर यांच्याबरोबर ऐन आणि किंजळही आहेत, आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ते तोडल्यास दंड होऊन लाकूड सरकारजमा होऊ शकते. आपण आकेशिया तोडला असता, तर निदान या कायद्याचा प्रश्न आला नसता.

मला अधिक काळजी वाटते ती भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 69 ची. वनोपज सरकारी की खाजगी असा वाद त्या कायद्याखालील कारवाईत निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच आहे, असे गृहीत धरले जाते. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज आजच करा आणि तिन्ही बुंधे आपल्याच हद्दीत आहेत, हे नकाशावर येऊ द्या. ते बुंधे उकरू नका आणि त्यांवर पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळू नका, कारण बुंध्याचा घेर तळच्या ओंडक्याशी जुळणे हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. जबाब पूर्ण वाचून, त्यात गट क्रमांक अचूक आहे याची खात्री करूनच सही करा.

सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकानाही पाहा. तेथे खाजगी वनाची नोंद असेल, तर 1975 च्या खाजगी वने संपादन अधिनियमामुळे प्रश्न झाडांचा न राहता जमिनीचाच, म्हणजे ती सरकारकडे गेली आहे का याचा, होतो. अर्थात, केवळ वन अधिनियमाखाली जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोदरेज अँड बॉइस प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे अशी नोंद दिसताच हातपाय गाळण्याचे कारण नाही.

काकांच्या वारसांची नोंद अद्याप झालेली दिसत नाही. तो फेरफार करून घ्या आणि बहिणीची व त्या वारसांची लेखी संमती मिळवा, कारण तोडलेल्या झाडांत त्यांचाही हिस्सा होता.

आता खोलीविषयी. ती लाकडाची आहे, सिमेंटचे जोते नाही, म्हणून तिला परवानगी लागत नाही, हा समज कोकणात फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. शेतकरी कुटुंबाच्या राहण्याची इमारत संहितेच्या व्याख्येनुसार ‘शेत इमारत’ ठरू शकते. मात्र जेथे प्रादेशिक योजना लागू आहे, तेथे कलम 41 खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि धारण क्षेत्र 0.4 हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे 40 गुंठ्यांपेक्षा, कमी असल्यास ती मिळत नाही. तेव्हा वाटपाची घाई करू नका. आपल्या वाट्याचे क्षेत्र त्या मर्यादेखाली जाईल. पर्यटकांना भाड्याने दिलेली खोली मात्र शेत इमारत राहत नाही, त्यासाठी अकृषिक वापराचा मार्ग वेगळा आहे. अर्जात एक हेतू लिहून प्रत्यक्षात दुसरा ठेवू नका.

लाकूड सुटले आणि ते गिरणीवर न्यायचे झाले, तर वाहतूक परवाना हाती आल्याशिवाय टेम्पो भरू नका.