गॅरेजचे दार उघडे ठेवले, तर ब्युटेनने गांजाचे तेल काढणे सुरक्षित ठरते का?

आपण विचारले आहे की, डेन्व्हरमधील आपल्या भाड्याच्या घरात रूममेट गॅरेजमध्ये ब्युटेनचे, म्हणजे लायटरमध्ये भरण्याच्या गॅसचे, कॅन वापरून गांजाचे तेल काढतो, दार अर्धे उघडे ठेवतो, जवळपास कोणालाही सिगारेट ओढू देत नाही. तरीही यात धोका आहे का. धोका आहे, आणि त्याने घेतलेल्या काळजीने तो फारसा कमी होत नाही. मी लातूर जिल्ह्यातील सोयाबीन तेलाच्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे द्रावकात विरघळवून तेल काढणाऱ्या कारखान्यात, अकरा वर्षे सुरक्षा अधिकारी होतो. तेथे द्रावक हेक्झेन होता, येथे ब्युटेन आहे. पण हवेपेक्षा जड असलेली ज्वालाग्राही वाफ दोन्हीकडे सारखीच वागते.

प्लांटमध्ये नव्याने लागलेल्या प्रत्येक कामगाराला मी एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवत असे. गटाराच्या खड्ड्याशेजारी उभे राहून गॅस डिटेक्टर कमरेच्या उंचीवर धरला की आकडा शून्य दिसे. तोच डिटेक्टर दोरीने खाली सोडला की दोन हातांवर गेल्याबरोबर त्याचा भोंगा वाजू लागे. वर उभ्या असलेल्या माणसाचे पाय त्या वाफेपासून जेमतेम वीतभर अंतरावर असत आणि त्याला त्याची कल्पनाही नसे.

ब्युटेन हवेपेक्षा साधारण दुप्पट जड आहे. तो उणे 0.5 अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे कॅनमधून बाहेर पडताच त्याचा वायू होतो, आणि हवेत त्याचे प्रमाण 1.8 टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेटणारे मिश्रण तयार होते. हिशेब करून पाहा. 300 मिलिलिटरच्या एका कॅनमधून सुमारे 70 लिटर वायू निघतो आणि तेवढ्याने जवळपास 4 घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. एका गाडीच्या, 12 बाय 20 फुटांच्या गॅरेजमध्ये हा थर जमिनीलगत पसरला, तर त्याची उंची साधारण 7 इंच भरते. प्रत्यक्षात थर असा समतल बसत नाही, पण अंदाज येण्यास हे पुरेसे आहे. अमेरिकेत गॅरेजमधील वॉटर हीटरची ज्योत जमिनीपासून 18 इंच वर असावी असा नियम अनेक ठिकाणी आहे, कारण पेट्रोलची वाफही खालीच साचते. तीन कॅन रिकामे केले की आपल्या या अंदाजातील थर ती उंचीही ओलांडतो.

म्हणूनच सिगारेट नाही या गोष्टीला मी फारसे महत्त्व देत नाही. हीटरची ज्योत, फ्रीजमधील रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), दार उघडणारी मोटर, यांपैकी काहीही आपल्या सांगण्यावरून थांबत नाही. डेन्व्हरच्या कोरड्या हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावताच बोटाला जो झटका बसतो, तेवढी ठिणगीही ब्युटेन पेटवण्यास पुरते. आमच्याकडे काडेपेटी आणि मोबाइल गेटवर जमा होत, नायलॉनचे कपडे चालत नसत, प्रत्येक टाकीला अर्थिंग असे आणि दिव्याचे बटणसुद्धा फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारे, असे. इतके करूनही आम्ही निश्चिंत नसू. अर्धे उघडे दार हा या सगळ्याला पर्याय नाही. वाऱ्याची दिशा बदलली की तोच वायू आतल्या दारातून घरात ढकलला जातो.

स्वयंपाकघरातील सिलिंडरला जो उग्र वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. लायटरमध्ये भरण्याच्या शुद्ध केलेल्या ब्युटेनमध्ये तो जवळपास नसतोच. त्यामुळे “वास आला तर बटण दाबू नका” ही लहानपणी ऐकलेली शिकवण येथे उपयोगी पडत नाही. शिवाय तयार झालेल्या चिकट अर्कात ब्युटेन अडकून राहतो आणि अर्क गरम होत जाईल तसा तो नंतर बाहेर पडतो, तोही बंद डब्यात किंवा फ्रीजमध्ये. अल्कोहोल वापरण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. डेन्व्हर ज्या राज्यात आहे, त्या कोलोराडोमध्ये 2014 पासून गांजाची दुकाने असली, तरी परवान्याविना अशा धोकादायक द्रावकाने अर्क काढणे 2015 च्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे, आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हे होऊ देणे हाही गुन्हा आहे. भाडेकरारावर आपले नाव असल्यास वकिलाला लवकर भेटा. आपण व्हिसावर असाल, तर अधिकच लवकर भेटा, कारण इमिग्रेशन संघराज्याच्या कायद्याने चालते आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देश सोडावा लागू शकतो.

रूममेटशी बोलायचे असेल, तर काम चालू नसताना बोला. तो ऐकणार नसेल, तर घर सोडा; अनामत रकमेसाठी थांबू नका. काम चालू असताना किंवा नुकतेच संपलेले असताना आपण घरात शिरलात, तर दिव्याचे बटण दाबू नका, चालू असलेला दिवा बंदही करू नका, गॅरेजचे मोटरचे दार हलवू नका. सर्वांना बाहेर काढा आणि दूर गेल्यावरच 911 ला फोन करा. कोणी भाजले असेल, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घाला. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नका. चेहरा भाजला असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर माणूस चालता-बोलता दिसला तरी रुग्णवाहिकाच बोलवा, कारण श्वासनलिकेची सूज थोड्या वेळाने वाढते.