ओपन ऍक्सेस सगळ्यांसाठी खुलं आहे, मग गरीब देशांतले संशोधक नाराज का?

तुमचा प्रश्न असा आहे की, ओपन ऍक्सेसमुळे शोधनिबंध जगात कुणालाही फुकट वाचता येतात, तर भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या संशोधकांची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे. मी सोलापूरकडच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, वाचायला खुलं असणं ही लहान गोष्ट नाही. 2014 साली लायबेरियात एबोलाची साथ पसरली, तेव्हा हा रोग या भागात पूर्वी कधी नव्हताच असं सगळे धरून चालले होते. पुढच्या वर्षी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनं साहित्य धुंडाळलं, तर 1982 सालचा एक निबंध हाती लागला. युरोपातल्या संशोधकांनी लायबेरियातल्या लोकांचं रक्त तपासून लिहिलं होतं की, हा देश एबोलाच्या पट्ट्यात धरायला हवा आणि दवाखान्यातल्या लोकांनी सावध असावं. लेखकांमध्ये लायबेरियाचं कुणीही नव्हतं. अशा निबंधाची एक प्रत उतरवून घ्यायची तर 45 डॉलर, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. रक्त त्यांचं, आणि त्यातून निघालेला इशारा त्यांच्याच हाती नाही. त्या साथीत एकट्या लायबेरियात 4,800 हून जास्त माणसं गेली. निबंध खुला असता तर ती सगळी वाचली असती असा दावा मी करणार नाही. पण हे वाचल्यापासून कुणी 'पेवॉलने (पैसे भरल्याशिवाय निबंध न उघडण्याने) काय बिघडतं' असं म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

ओपन ऍक्सेसची कल्पना मांडणाऱ्या 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात एक सुंदर विचार होता: श्रीमंतांचं ज्ञान गरिबांपर्यंत जावं आणि गरिबांचं श्रीमंतांपर्यंत. पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी जमला. अडलंय ते दुसऱ्या अर्ध्यावर. बऱ्याच प्रकाशकांनी वाचकाकडचा पैसा सोडला आणि तोच लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. 'नेचर' या नामांकित विज्ञान जर्नलने 2020 मध्ये एका निबंधासाठी 9,500 युरो हा दर जाहीर केला, तेव्हाचे आठ लाख रुपयांहून जास्त. ते टोक झालं. साध्या जर्नलचा दरसुद्धा दोन-तीन हजार डॉलरला सहज भिडतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने रब्बी ज्वारीवरच्या खडखड्या रोगावर काम केलं. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात, दाणे भरायच्या वेळी जमिनीतली ओल तुटली की ताट बुडाशी पोकळ होतं आणि उभं पीक कोलमडतं. तीन हंगाम ती शेतकऱ्यांच्या बांधावर फिरली. पेपर दोनदा रिव्ह्यू होऊन स्वीकारला गेला, आणि मग पत्र आलं: 2,600 डॉलर भरा. तिची फेलोशिप महिन्याला 37,000 रुपये. म्हणजे सहा महिने काही न खाता-पिता साठवले तर एक पेपर! आम्ही सवलत मागितली. उत्तर आलं, तुमचा देश आमच्या यादीत नाही.

ही यादी काय असते ते समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. अनेक प्रकाशक कमी उत्पन्नाच्या देशांना पूर्ण माफी देतात आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांना अर्धी. भारत दुसऱ्या गटात बसतो. पण काहींच्या नियमात पुढची अट असते की देशाची एकूण अर्थव्यवस्था 200 अब्ज डॉलरच्या आत हवी. आपली अर्थव्यवस्था त्याच्या कितीतरी पट आहे, कारण माणसंच दीडशे कोटींच्या घरात आहेत. दरडोई उत्पन्न पाहून देश गरीब ठरतो, आणि एकूण बेरीज करून त्याच देशाची सवलत काढून घेतली जाते. आणि सवलत मिळणाऱ्यांनाही दरवेळी हात पसरावा लागतो, हे मला अपमानास्पद वाटतं.

लेखकाने पैसे द्यायचे ही रीत एकदा रुळली की बनावट दुकानं निघणारच. आपल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आठ दिवसांत पेपर छापून मिळेल' हे मेसेज कुणी पाहिले नाहीत? 2018 मध्ये पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलं तपासली, तर त्यांतली 88 टक्के दर्जाहीन निघाली. त्यात फसलेली मुलं बहुतेक लहान गावांतल्या कॉलेजांची असतात, त्यांना योग्य वेळी सांगणारं कुणी नसतं.

मग दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तो लॅटिन अमेरिकेने आपल्या आधी धरला. ब्राझीलमध्ये 1998 साली 'सिएलो' सुरू झालं, मेक्सिकोत 2003 मध्ये 'रेडालिक'; दोन्ही म्हणजे खुली जर्नलं एकत्र मिळण्याची ऑनलाइन ठिकाणं. तिथे जर्नल हे विद्यापीठाचं आणि सार्वजनिक पैशाचं काम मानलं जातं, ग्रंथालयासारखं. बहुतेक जर्नलं वाचकाकडून काही घेत नाहीत आणि लेखकाकडूनही नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं तिथे कमअस्सल ठरत नाही. आपल्याकडेही बंगळूरची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस लेखकांकडून पैसे न घेता जर्नलं काढते. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं. माझ्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही हा पैसा मुख्यतः बाहेरच्या प्रकाशकांकडून वाचनाचा हक्क विकत घेण्यात जातो, आणि तीन वर्षांनी करार पुन्हा करावा लागणार. याचा दहावा हिस्सा आपल्या विद्यापीठांच्या चांगल्या जर्नलांना, त्यांच्या संपादकांना आणि सर्व्हरना मिळाला, तर मंगळवेढ्याची ज्वारी जगाला दाखवायला 2,600 डॉलर लागणार नाहीत.

आमचा पेपर शेवटी एका भारतीय जर्नलमध्ये आला, बिनपैशाचा. वर्ष गेलं त्यात.

तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर दोन गोष्टी करा. बंद असलेला पेपर हवा असेल तर लेखकाला सरळ ईमेल टाका. माझ्या अनुभवात बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आणि तुमचा पेपर छापून आला की जर्नलचे नियम नीट वाचा. स्वीकारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायला पुष्कळ जर्नलं परवानगी देतात, कधी काही महिन्यांनी. त्याला एक पैसा पडत नाही.