रोल केज बसवू की नको? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात रोल केजबद्दलचे प्रश्न बरेच होते. रोल केज म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायचा पोलादी पाइपांचा सांगाडा. फुल केज पुढच्या सीटांच्या पुढपर्यंत जातो, हाफ केज फक्त त्यांच्या मागे असतो. त्यातले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी ऑक्टाव्हिया आरएस रोज ऑफिसला जाते, मागे मुलगा बसतो. वर्षातून दोनदा ती कोइम्बतूरला ट्रॅकवर नेतो. फुल केज बसवून घ्यावा म्हणतोय. – एक वाचक, पुणे

उत्तर : नका बसवू. ट्रॅकवर केज माणसाला वाचवतो, कारण माणसाने हेल्मेट घातलेलं असतं, तो न वाकणाऱ्या बकेट सीटमध्ये असतो आणि सहा पट्ट्यांच्या हार्नेसने जखडलेला असतो. ऑफिसला जाताना यातलं काहीच नसतं. गाडीला बाजूने धडक बसली की साध्या सीटबेल्टमधल्या माणसाचं डोकं दाराच्या दिशेने फेकलं जातं. तिथे कंपनीने मऊ अस्तर आणि त्यामागे गुंडाळलेली पडदा-एअरबॅग ठेवलेली असते. केजचा पाइप नेमका त्याच कडेने जातो. एअरबॅग उलगडायला जागा उरत नाही, आणि उघडं डोकं ३८ मिलिमीटरच्या पोलादी पाइपवर आपटतं. म्हणजे एरवी ज्यातून माणूस उठून चालत बाहेर आला असता, तो अपघात केजमुळे जिवावर बेतू शकतो.

मागच्या सीटचा विचार तर त्याआधीच करायला हवा. मेन हूपचा (पुढच्या सीटांमागच्या उभ्या कमानीचा) तिरका पाइप आणि मागे जाणारे दोन टेकू मुलाच्या डोक्यासमोर आणि डोक्यावर येतात. फुल केजच्या गाडीत मागे कुणालाही बसवू नये, यात तडजोड नाही. शिवाय दाराच्या उंबऱ्यावर आडवे पाइप येतात. साडी नेसलेल्या बाईने त्यावरून आत चढून बसून दाखवावं!

वजनाचा हिशोब घरी करता येतो. ४५ × २.५ मिमी (व्यास × जाडी) सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, पाइप मीटरला २.६ किलो भरतो, ३८ × २.५ चा सुमारे २.२ किलो. मेन हूपला साडेतीन मीटर आणि बाकी सगळ्याला पंधरा-सोळा मीटर धरा. प्लेटा आणि बोल्ट मिळून पंचेचाळीस-पन्नास किलो सहज होतात, त्यातले बरेचसे खिडकीच्या वर.

वर्षातल्या दोन दिवसांसाठी चांगले ब्रेक पॅड, ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड, टायर आणि हेल्मेट यांवर पैसे घाला. छत असलेल्या गाडीला ट्रॅक डेसाठी केज हवाच, असा आग्रह सहसा नसतो. तरी आयोजकांची नियमावली आधी वाचा. उद्या रोजच्या वापराला दुसरी गाडी आली आणि ही ट्रेलरवरून ट्रॅकवर जाऊ लागली, तर आमचं उत्तर बदलेल.

प्रश्न : जुनी पोलो जीटी टीएसआय फक्त ट्रॅकसाठी ठेवली आहे. ओळखीचे फॅब्रिकेटर दीड इंची बी-क्लास पाइपचा केज करून देतो म्हणतात. "हत्ती बसला तरी वाकणार नाही" असं त्यांचं म्हणणं. काय तपासू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापूरच्या कारागिराच्या हाताबद्दल आमची तक्रार नाही, माल मात्र चुकीचा आहे. बी-क्लास हा पाणी वाहून नेण्याचा पाइप. दीड इंची म्हणतात तो बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ३.२ मिमी, मीटरला साडेतीन किलोच्या वर. वजनाने जड, पण भरवशाला हलका: आयएस १२३९ प्रमाणे त्याची ताण सोसण्याची किमान हमी ३२० मेगापास्कल, आणि तो बहुधा शिवणीचा, म्हणजे पत्रा वळवून वेल्ड केलेला, असतो. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या) परिशिष्ट जे, कलम २५३ मध्ये कोल्ड-ड्रॉन (थंड ओढलेलं) सीमलेस कार्बन स्टील आणि किमान ३५० मेगापास्कल मागितले आहेत. मेन हूपसाठी ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमी, बाकीच्या पाइपांना ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी. पाइप घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या खेपेचा क्रमांक) पाइपवरच्या छापाशी जुळवून पाहा. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर मुळीच नको. वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि सांधा सच्छिद्र राहतो.

नंतर बेंड. पाइप थंडच वाकवायचा. वाळू भरून गॅसवर तापवून वाकवणं ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे, पण इथे ती चालत नाही. बेंडची त्रिज्या पाइपच्या मध्यरेषेवर मोजून व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे ४५ मिमीच्या पाइपला १३५ मिमी. बेंडवर व्हर्नियर लावून एकदा आडवं आणि एकदा उभं माप घ्या. लहान मापाला मोठ्या मापाने भागून उत्तर ०.९ च्या खाली आलं तर तो बेंड भंगारात. ४२ आणि ४६.५ आलं तर काठावर पास. ४० आणि ४८ आलं तर नापास. आतल्या बाजूला सुरकुती दिसली तर मोजायचीही गरज नाही.

सगळ्यात जास्त चुका पायाशी होतात. गाडीचा तळ हा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पत्रा. त्यावर पाइप थेट टेकवला तर गाडी उलटताना तो सुरीसारखा पत्रा फाडून खाली जातो आणि छत तेवढंच आत येतं. म्हणून मेन हूपच्या आणि पुढच्या प्रत्येक पायाखाली ३ मिमी जाडीची, निदान १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट (१० × १२ सेंमी म्हणा) बॉडीला वेल्ड केलेली हवी. शक्य असेल तर ती वाकवून दाराच्या उंबऱ्याच्या उभ्या भिंतीवरही न्या, म्हणजे भार दोन पत्र्यांत वाटला जातो. बोल्टने बसवायचा केज असेल तर अशा पायाला किमान तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. मागच्या टेकूंना दोन बोल्ट आणि ६० चौरस सेंटिमीटरची प्लेट चालते. ते टेकू सरळ हवेत, मध्ये वाकवलेले नकोत.

वेल्ड पाइपाभोवती पूर्ण फिरलेला हवा. छताला लागून असलेल्या सांध्यात वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही, म्हणून अनेकदा तो भाग नुसता सोडून वर रंग मारलेला असतो. नीट काम करणारा फॅब्रिकेटर वरचे सांधे वेल्ड करण्यासाठी केज थोडा खाली उतरवतो आणि मग वर नेऊन पायांच्या प्लेटा बसवतो. रंग देण्याआधी छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याची पाठ पाहा. पाइपच्या जाडीबद्दल शंका असेल तर कमी ताणाच्या जागी ५ मिमीचं भोक पाडून व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजून घ्या.

काम सुरू होण्याआधी बॅटरी काढायची, एअरबॅगची जोडणी जाणकाराकडून सोडवून घ्यायची, कार्पेट आणि तळाचं डांबरी अस्तर खरवडून काढायचं आणि इंधनाची नळी कुठून जाते ते बघायचं. वेल्डिंग चालू असताना एक माणूस अग्निशामक घेऊन फक्त खाली बघत उभा हवा. काम झाल्यावर उंबऱ्याच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंजरोधक मेण) मारा. हे राहिलं तर तुमच्याकडच्या दोन पावसाळ्यांत प्लेटेच्या कडेने गंज धरेल.

स्पर्धेत उतरणार असाल तर पाइप कापण्याआधीच एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या) चालू नियमांप्रमाणे आराखडा तपासून घ्या.

प्रश्न : कसारा घाटात थोडं जोरात चालवतो. हाफ केज आणि चार पट्ट्यांचा हार्नेस, मूळ सीटवरच, पुरेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही जोडी साध्या सीटबेल्टपेक्षा वाईट ठरू शकते. चार पट्ट्यांत पायांमधली पट्टी नसते. समोरून धडक बसली की खांद्याच्या पट्ट्या कमरेची पट्टी वर ओढतात, ती हाडावरून सरकून पोटावर येते आणि माणूस खालून निसटतो. आतड्यांना इजा होते ती अशी. दुसरं, गाडी उलटून छत खाली आलं तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला कलू शकतो. हार्नेस त्याला ताठ धरून ठेवतो आणि भार मानेवर येतो. तिसरं, मूळ सीटची मागे रेलणारी पाठ हार्नेसचा ताण सोसायला बनवलेली नाही. खांद्याच्या पट्ट्या सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेच्या ४५ अंशांहून जास्त खाली उतरू नयेत, शक्यतो १० अंशांच्या आतच. मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला बांधल्या तर हा कोन बिघडतो आणि पाठीचा कणा दाबला जातो.

घाटात मूळ बेल्टच लावा. आणि जोरात चालवणं कसाऱ्यात नको, ट्रॅकवर करा.

प्रश्न : आरटीओ हरकत घेईल का? विम्याचं काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडी नोंदणीतल्या आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मागची सीट काढली की आरसीवरची पाच आसनं खोटी ठरतात, ती बाब वेगळी. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या. न कळवलेला बदल हे स्वतःच्या गाडीचा दावा नाकारायला सोपं निमित्त असतं.

प्रश्न : मग पोर्शे ९११ जीटी३ ला कारखान्यातूनच केज कसा मिळतो? – एक वाचक, मुंबई

उत्तर : क्लबस्पोर्ट या ट्रॅकसाठीच्या पॅकेजमधला तो केज फक्त मागचा अर्धा, पुढच्या सीटांमागे बोल्टने बसवलेला. त्या गाडीला मागच्या सीटा मुळातच नसतात, पुढच्या सीटा एकसंध बकेट, आणि मूळ तीन-बिंदू बेल्ट कायम राहतो. पुढच्या दोघांच्या डोक्याशेजारी पाइप येत नाही. हॅचबॅकला हाफ केज लावायचाच असेल तर ही चौकट नकलायला हरकत नाही: मागे माणूस बसवायचा नाही, मूळ बेल्ट काढायचा नाही.

प्रश्न : एसीच्या पाइपवर गुंडाळतात तो काळा फोम केजवर चालेल का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : नाही. अंगठ्याने दाबून बघा, तो लगेच पाइपला टेकतो. एफआयए ८८५७-२००१ किंवा एसएफआय ४५.१ या मानकांचा छाप असलेलं पॅडिंग हाताला जवळपास लाकडासारखं कडक लागतं, कारण ते हेल्मेटचा आघात झेलण्यासाठी बनवलेलं असतं. उघड्या डोक्याला तेही कडकच.